टेकलालभाऊंची संडासगाडी

टेकलालभाऊंनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य मी चारचौघांत कधी सांगितलं नाही. पण ते वगळून हा माणूस सांगताच येत नाही, म्हणून लिहून टाकते. गोंदियात आमच्या यात्रा कंपनीच्या आवारात बस उभी होती आणि मी बद्रीनाथच्या यात्रेचा शिधा भरून घेत होते. तेवढ्यात खाकी पॅन्ट घातलेला एक उंच, काळा माणूस आला. नाव नाही, गाव नाही, रामराम नाही. सरळ विचारलं, "बाई, सकाळपासून लघवीले किती वेळा गेल्या तुमी?"

माझ्या हातात झारा होता. तो मी उगारलासुद्धा. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर चावटपणाचा मागमूस नव्हता. दवाखान्यातला कंपाउंडर जसं वय विचारतो, तसं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? तर म्हणाला, "नाई गेल्या. ओठ सुकून राहिले तुमचे. पानी प्या." आणि पुढच्या बाईकडे वळला. तिलाही तोच प्रश्न. त्या दिवशी बसमध्ये बसायला आलेल्या एकाही बाईनं त्याला धड उत्तर दिलं नाही, आणि त्यानंही कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही.

मी यमुना. कुडव्यात राहते. नवरा गेल्यावर या यात्रा कंपनीत स्वयंपाकाला लागले. बारावी झालेली असल्यामुळे यात्रेकरूंच्या हजेरीची वहीही माझ्याच गळ्यात पडली. टेकलाल पटले हेही कुडव्याचेच, माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडचे, पण तोवर आमची ओळख नव्हती. सोळा वर्षं फौजेत काढलेली, त्यातली बरीचशी लडाखकडे, पाण्याच्या लायनी सांभाळण्यात. परत आल्यावर एका राईस मिलमध्ये फिटर म्हणून लागले. आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, मिलमधून रजा घेऊन ते आमच्या बसमागून स्वतःची गाडी चालवत बद्रीनाथपर्यंत येत.

ती गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आतल्या सीटा काढून त्यांनी मागे शेजारी शेजारी दोन संडास बसवले होते, पुढे हात धुवायची जागा. खाली दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची, एक मैल्याची. बाहेरून निळा रंग आणि त्यावर स्वतःच्या हातानं काढलेली अक्षरं: कॅराव्हॅन. लेहला परदेशी लोकांच्या तसल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या, तिथून हा शब्द उचललेला. आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिला संडासगाडी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, "संडासच आहे ना जी. मंदिर थोडी म्हनून राहिलो मी."

गाडी फक्त बायकांसाठी होती. एकदा एक जाडजूड व्यापारी यात्रेकरू तावातावानं भांडायला आला, आम्ही काय पैसे भरले नाहीत काय म्हणून. भाऊ पाना घेऊन चाकाशी बसले होते, मान वर न करता बोलले. "बाप्यांले देवानं अख्खा पहाड देल्ला. बायांले ह्या दोन खोल्या. तेही पाहवत नाई का तुमाले?" व्यापारी खरोखरच पहाडाकडे गेला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला दुसऱ्या यात्रेत कळलं. त्यांची मोठी बहीण चोरखमाऱ्याच्या तलावाकडे दिली होती. ती कुठल्याशा दुसऱ्या बसनं यात्रेला गेली. बस थांबायची ती धाब्यावर, नाहीतर उघड्या वळणावर. बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून तिनं पाणीच प्यायचं सोडलं, आणि तरी आलीच तर दाबून धरली. तीन दिवस. चौथ्या दिवशी घाटात ताप चढला, घरी आणेपर्यंत किडन्यांवर आलं, आणि दोन महिन्यांत बाई गेली. भाऊ हे सांगताना रडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "देवाले गेली होती अन् लाजेनं मेली."

आता माझं सांगते, कारण लपवून उपयोग नाही. पहिल्या वर्षी मी त्या माणसाशी वाईट वागले. माझ्या चुलीपासून शंभर हात लांब गाडी लावायची, असा मी दम भरला. ते न बोलता दोनशे हात लांब लावायचे, तीही उताराच्या बाजूला. दर मुक्कामाला मैलाटाकी कुठे रिकामी करायची हे आधी गावात विचारून ठरवत. नदीच्या बाजूला तर कधी पाहिलंसुद्धा नाही. तीनदा साबणानं हात धुऊन पंगतीत बसायचे, तरी मी त्यांच्या ताटात पोळी वरून टाकायची. त्यांनी ते पाहिलं होतं. मला एकदा सहज म्हणाले, "घान करनाऱ्याले लाज नाई, तं धुनाऱ्याले काऊन असावी, बाई?"

घरीही त्यांची तीच गत होती. त्यांची बायको फुलवंताबाई त्यांना यात्रेहून आल्यावर अंगणातच आंघोळ करायला लावी, कपडे वेगळे भिजवी. नात्यातल्या लग्नांत लोक त्यांच्यावरून हसत, आणि ते तिच्या जिव्हारी लागे. एकदा बाजारात भेटली तेव्हा मला म्हणाली की आमच्या माणसानं देशाची सेवा केली ती केली, आता म्हातारपणी हे काय काढलं? मीही मान डोलावली. दोघी एकाच माळेचे मणी.

माझी मान पहिल्याच वर्षी बद्रीनाथला ताठ राहिली नाही, ते असं झालं. आमच्याकडचे लोक दिवाळीनंतर का जातात, तर हलका, लवकर येणारा धान तोवर कापून होतो आणि उशिरा येणाऱ्या भारी धानाला अजून पंधरा-वीस दिवस असतात. तेवढीच फुरसत. पण नेमके तेच दिवस तिकडे मंदिर बंद व्हायच्या आधीचे, कडाक्याचे. संध्याकाळी भाऊंनी गाडीतलं सगळं पाणी काढून टाकलं. सकाळी तिथले नळ गोठलेले. ते माझ्याकडे आले आणि दोन हंडे गरम पाणी मागितलं. मी म्हटलं, माझ्या चुलीवरचं पाणी संडासात जाणार नाही. ते गेले. त्या सकाळी संडासगाडी कोरडी राहिली. बायकांनी चहा नाकारला, पाणी नाकारलं, आणि मंदिराच्या पायऱ्यांवर आमच्यातली एक म्हातारी चक्कर येऊन पडली. कपाळ फुटलं. नशीब, तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यात आधी त्यांचा हंडा चढवला आणि तेव्हापासून दर यात्रेत तो पहिला चढायचा. पोळीही हातात द्यायला लागले.

थंडीचं त्यांचं शास्त्र साधं होतं आणि ते ऐकायला कुणी असो नसो, ते सांगत राहत. "पानी जमलं का फुगते. फुगलं का फोडते. लोखंड असो का दगड, त्याले दयामाया नाई." म्हणून थंडीत गाडी उभी करायची तर तिच्यात थेंब ठेवायचा नाही. टाक्या रिकाम्या करून त्यांची तोंडं उघडी ठेवायची, नळ उघडे ठेवायचे, पाइपांत टायरच्या पंपानं हवा मारायची. सीटखालच्या झडपेचं रबर चिकटू नये म्हणून तिला तेल लावून अर्धवट उघडी ठेवायची. या तेलाचाही एक किस्सा होता. पहिल्या वर्षी त्यांनी घरात होतं म्हणून जवसाचं तेल लावलं. आपल्याकडे भाजीला जवस, चटणीला जवस, मग रबराला का नको? हिवाळाभर ते तेल वाळून डिंक झालं आणि मे महिन्यात झडप उघडता उघडेना. शेवटी तापवलेल्या कालथ्यानं खरवडावी लागली. त्यानंतर ते बायकांना शिकवल्यासारखं सांगत, "जवस आपल्याले, एरंडी रबराले." मला तर हे इतकं पाठ झालं होतं की एकदा चटणी वाढताना माझ्याच तोंडून निघालं.

पण सगळ्यात नाजूक जागा होती ती पंपांची. पाण्याची टाकी खाली असल्यामुळे दोन्ही खोल्यांत पायानं दाबायचा एकेक पंप होता. टाकी रिकामी केली, पंप कोरडा होईपर्यंत दाबला, तरी त्याच्या पोटात पेलाभर पाणी राहतंच. ते काढायला सीटखाली आडवं होऊन पंपाच्या बुडाचा पितळी बूच काढावा लागे. हे पंप बाजारात मिळत नव्हते. भाऊंनी ते भंगारातून जमवून, काही भाग स्वतः ओतून घेऊन बनवले होते. आणि दोघांची लाइन एक होती. एक फुटला की दुसऱ्यातही पाणी चढणार नाही, म्हणजे गाडी गेली. कंपनीच्या शेठनी तर स्पष्टच सांगून ठेवलं होतं की ही गाडी आहे तोवर आहे, दुसरी होणार नाही, मग बायकांनी पूर्वीसारखं जावं. पूर्वीसारखं म्हणजे कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना, दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या यात्रेत बद्रीनाथहून उतरताना पांडुकेश्वरला संडासगाडीचा गिअरबॉक्स बसला. तिथल्या मिस्तरीनं सांगितलं की हा भाग खालून यायला दोन आठवडे लागतील आणि तोवर बर्फ पडेल. इकडे बसमधल्या लोकांचा भारी धान उभा. शेवटी ठरलं की गाडी तिथेच ठेवायची आणि मे महिन्यात न्यायची. नेगीजी म्हणून एका दुकानदारानं आपल्या अंगणात पत्र्याखाली जागा दिली. भाऊंना मागे राहायचं होतं. मीच त्यांना म्हटलं की वेड लागलंय का, सहा महिने इथे काय करणार?

मग त्यांनी गाडीला हिवाळ्यासाठी तयार करायला घेतलं. टाक्या, नळ, हवा, झडपा, एरंडी, सगळं झालं. हात धुवायच्या जागेखालचा वाकडा पाइप मात्र गंजून बसला होता आणि त्याच्या वाकात पाणी होतं. फौजेत अशा जागी पाणी जमू नये म्हणून घालायला एक औषध मिळायचं, ते तिथे कुठलं? कुणी म्हणालं मीठ घाला. भाऊ म्हणाले, मिठानं लोखंड सडते. मग ते उठले, बसच्या दारात उभे राहिले आणि बद्रीनाथाचं दर्शन घेऊन आलेल्या चाळीस माणसांना शांतपणे विचारलं, "कोनाजवळ मोहाची आहे?"

यात्रेत दारूचं नावही काढायचं नाही, असा नियम माझ्याच वहीच्या पहिल्या पानावर होता. थोड्या वेळानं सालेकशाकडची भागरताबाई उठली. सत्तरीची बाई, गळ्यात माळ. गुडघ्यांना चोळायला म्हणून तिनं तेलाच्या बाटलीत आणलेली असायची. वास सगळ्या बसला ठाऊक होता आणि मी तीन यात्रा नाक मुठीत धरून बसले होते. तिनं पिशवीतून बाटली काढून भाऊंच्या हातात दिली आणि बजावलं, "पयल्या धारेची आहे. सांडू नोका." दारू मिसळली की पाणी सहज जमत नाही, म्हणून भाऊंनी ती सबंध बाटली पाइपात ओतली, वर चिंधीचा बोळा घट्ट बसवला. भागरताबाई खिडकीतून बघत होती. अर्धी तरी परत येईल असं तिला वाटलं असावं.

आता राहिले दोन बूच. उजव्या खोलीतला त्यांनी माझ्यासमोर काढला, पेलाभर पाणी खालच्या तसराळ्यात पडलेलं मी पाहिलं. बूच हरवू नये म्हणून ते तो गाडीतच फळीवर ठेवत. मग ते डाव्या खोलीत शिरले. पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि चारनंतर खाली गाड्या सोडणार नव्हते. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता, बायका कावल्या होत्या. हाका मारणारी मीच होते. तीनदा मारल्या, आणि तिसरी जरा जोरातच मारली, की भाऊ, या एका संडासापायी चाळीस माणसं इथे अडकवणार आहात काय? ते हात पुसत बाहेर आले, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बसमध्ये येऊन बसले.

घरी आल्यावर महिनाभरानं, एका सकाळी ते माझ्या दारात आले. कुडव्यात चांगलीच थंडी होती, गल्लीत शेकोट्या पेटल्या होत्या. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "बाई, डाव्याचा बूच मी काढला का नाई? आठवून नाई राहिलं मले."

मी म्हटलं, काढलाच असेल, तुम्ही विसरणारे का? पण डाव्या खोलीत पाणी पडल्याचा आवाज मीही ऐकला नव्हता. ऐकणार कुठून, मीच ओरडत होते.

त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. रोज सकाळी नेगीजींना फोन. बर्फ किती पडला, पाणी किती जमलं? नेगीजी भला माणूस, खरं ते सांगायचा, की आज तर बादलीतलं पाणीही दगड झालं. ते ऐकून भाऊ दिवसभर मिलमध्ये गप्प. मी सुचवलं की किल्ली कुरिअरनं पाठवा, नेगीजी बघून सांगतील. तर म्हणाले की जमायचं ते आता जमून गेलं, उघडून ते काही परत होत नाही. "अन् फुटून असन तं? मे महिन्यापर्यंत ते घेऊन मी कसा जगू?" मी त्यांना रागावले, चेष्टा केली, एकदा तर म्हटलं की स्वतःच्या लग्नाची तारीख तरी इतकी घोकली होती का? हसले नाहीत. हाक मारून मीच घाई केली, हे मात्र त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहाडाचं नाव काढायचं नाही असं बजावलं. त्यानंतर भाऊंनी मला बोलावून घेतलं आणि शिध्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंपाचं चित्र काढून दिलं. सीटखाली कसं आडवं व्हायचं, हात कुठून घालायचा, बूच कुठल्या बाजूला फिरतो. फुलवंताबाई चहा घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. "तुमी जाजा मे मंदी," ते मला म्हणाले. "पयले डावा पाहाजा. मंगच पानी भरजा." मी म्हटलं, मी? संडासाखाली? त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

फेब्रुवारीत एका दुपारी, जेवून खाटेवर बसल्या बसल्या ते गेले. कुणाला हाकसुद्धा मारली नाही. मी गेले तेव्हा फुलवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली की सकाळीही तेच घोकून राहिले होते, काढला का नाही काढला. तेराव्याला तिनं कमरेच्या पिशवीतून गाडीची किल्ली काढून मला दिली. कुलूप उघडल्यावर सगळ्यात आधी तिला फोन करायचा, बाकी कुणाला नाही, एवढं वचन घेतलं.

मे महिन्यात आम्ही गेलो. बायका बसमध्ये छत्तीस. येताना शेठनी पुन्हा आठवण दिली होती की गाडी चालू निघाली तर ठीक, नाहीतर तिथेच भंगारात देऊन या. पांडुकेश्वरला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. नेगीजींच्या अंगणात गाडी होती तशी उभी, चाकांना गवत लागलेलं, रंग पापुद्रे धरलेला. कुलूप तेल घालून उघडलं. आत मोहाचा मंद वास होता. भागरताबाईनं दारातूनच हुंगलं आणि उसासा टाकला.

मी पदर खोचला आणि डाव्या खोलीत शिरले. जिच्या चुलीपासून ही गाडी शंभर हात लांब ठेवायची होती, ती मी फरशीवर पालथी झाले, गाल थंडगार पत्र्याला लावला आणि सीटखाली हात घातला. चित्रात दाखवल्याप्रमाणे पंपाची गोल बाजू लागली, तिच्यावरून बोटं खाली नेली. कुठे तडा लागतोय का, चाचपत होते. तडा नव्हता. बुडाशी बोट गेलं आणि आत शिरलं. भोक रिकामं होतं. बूच नव्हताच.

मी उठून बसले. वरच्या फळीवर, घडी केलेल्या कागदावर, बूच ठेवलेला होता. मी हाका मारत असताना, त्या गोंगाटात, त्यांच्या हातांनी आपलं काम पुरं केलं होतं आणि डोक्याला पत्ताही लागू दिला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. मरेपर्यंत हा माणूस न झालेल्या चुकीनं स्वतःला कुरतडत होता, आणि त्यात मी भर घातली होती. तो बूच मुठीत धरून मी तिथेच, त्या संडासाच्या दारात बसून मोठ्यानं रडले. बायका बाहेर उभ्या होत्या. पंप फुटला असंच त्यांना वाटलं.

मग बूच लावले. टाकी भरली. डावा दाबला, पाणी चढलं. उजवा दाबला, चढलं. कोरड्या फडक्यानं दोन्ही पंप खालून पुसून पाहिले, कुठे ओल नाही. मिस्तरी तिकडे नवा गिअरबॉक्स बसवत होता. बायकांची रांग लागली.

मी नेगीजींच्या दुकानाच्या ओट्यावर गेले आणि फुलवंताबाईला फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला. रामराम नाही, पोचल्या का नाही.

"उघडा होता का?"

"होता," मी म्हटलं. "काढून फळीवर ठेवला होता. कागदावर."

"मंग मी आता चूल पेटवतो," ती म्हणाली. "कालपासून जेवली नाई मी."

आणि तिनं फोन ठेवला.